थंडीत गाडीचा काटा वर चढत नाही, तेव्हा काय तपासायचं

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला गाडी काढायची म्हणजे आधी काचेवरचं दव पुसायचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तीच हवा आमच्या अंगणात असते. मी तिथून रोज नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत जायचो. गाडी जुनी घेतलेली, डिझेल. पहिल्या हिवाळ्यात नाशिक येईपर्यंत हीटरमधून जेमतेम कोमट हवा यायची आणि तापमानाचा काटा पावभागावरच अडकलेला असायचा. मला वाटायचं, बाहेर एवढा गारठा, इंजिनही गारच राहणार. शिवाय "आपली गाडी अजिबात गरम होत नाही" हे आपल्याकडं कौतुकानं सांगायची गोष्ट. फेब्रुवारीत हिशोब केला तेव्हा ॲव्हरेज १९ वरून १६ वर आलेलं. मग खोलून पाहिलं, तर थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिनची ऊब धरून ठेवणाऱ्या झडपेच्या, जागी काहीच नव्हतं. आधीच्या मालकाच्या वेळी कुठल्यातरी उन्हाळ्यात तो काढून टाकलेला होता.

ज्यांनी आजवर बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातली बहुतेक तपासणी पाना न लावता होते. हातातली बॅटरी (टॉर्च), जाडसर कापड, वही आणि जमलं तर एक छोटा स्कॅनर, एवढं पुरतं.

इंजिनला ऊब लागते, ती का

पेट्रोल असो की डिझेल, इंजिन बनवणाऱ्यानं ते साधारण ८५ ते १०० अंशांच्या आसपास चालेल असं धरून बनवलेलं असतं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, तेलाचा पातळपणा, इंधनाचं माप, सगळं त्या गरमपणाला जुळवलेलं. इंजिन गार असेल तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिनचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत आपण चोक ओढायचो, तेच काम. चोक पाच मिनिटांत आत ढकलायचा असतो. इंजिन गरमच झालं नाही तर तो दिवसभर थोडासा ओढलेला राहिल्यासारखं होतं. ॲव्हरेज तिथं जातं.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातं, पण थोडं पिस्टनच्या कडेनं खाली तेलात उतरतं. इंजिन नीट तापलं की तेही उडून जातं. तापलं नाही तर तिथंच राहतं, तेलाशी घुसळलं जातं, आणि तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी साय दिसू लागते. न जळलेलं इंधनही सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली जातं. इंजिनची झीज अशी गुपचूप वाढते.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी यात आणखी एक गोष्ट धरावी. सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते आणि ती अधूनमधून जाळली जाते. इंजिन पुरेसं गरम नसेल तर अनेक गाड्यांत ही जाळण्याची क्रिया सुरूच होत नाही, किंवा अर्ध्यात थांबते. मग डीपीएफचा दिवा लागतो, लोक डीपीएफ साफ करण्यावर हजारो रुपये घालतात, आणि मूळ दोष बॉनेटखाली तसाच बसून असतो. सीएनजीवाल्यांचंही यात दुखणं आहे. दाबातला वायू मोकळा होताना रेड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, गार पडतो, म्हणून त्याला इंजिनच्या गरम कुलंटची (इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाची) ऊब दिलेली असते. ज्या किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होऊन रेड्यूसर तापल्यावर गॅसवर जाते, तिथं गार इंजिन म्हणजे मैलोगणती पेट्रोल.

थर्मोस्टॅटचं काम दोन मिनिटांत

इंजिनमधून फिरणारं कुलंट रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण सकाळी सुरू केल्या केल्या ते रेडिएटरमध्ये गेलं तर इंजिन तापणार कधी? म्हणून वाटेत एक झडप असते. गॅरेजमध्ये तिला "थर्मोस्टॅट वॉल" किंवा नुसतं "वॉल" म्हणतात. तिच्या पोटात विशिष्ट मेण भरलेलं असतं. ते वितळलं की फुगतं आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप ढकलतं. किती अंशांना उघडायचं ते बहुतेकदा तिच्यावरच कोरलेलं असतं: ८२, ८८ असे आकडे सर्रास दिसतात. त्या तापमानाला ती उघडायला लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते. तोवर कुलंट इंजिनमध्येच आणि हीटरमध्ये घोटाळत राहतं.

झडप उघडी अडकली, किंवा नसलीच, की पहिल्या मिनिटापासून रेडिएटर सुरू. एप्रिलमध्ये कळतही नाही. डिसेंबरात कळतं.

"साहेब, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? वॉल लागतच नाही, काढून टाकू, गाडी कधी गरम होणार नाही." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलंय. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला उन्हाळ्यात परत आलेली गाडी नको असते. पण बाहेरच्या हवेशी या झडपेचा संबंध कमीच, इंजिनला आत ८५ अंश हवेच असतात, मग गाडी जळगावात असो की लडाखमध्ये. शिवाय अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना दुसऱ्या बाजूनं बायपासची वाट बंद करते. ती काढली की थोडं कुलंट रेडिएटर टाळून सरळ परत फिरतं. म्हणजे तीच गाडी थंडीत गार राहते आणि मे महिन्यात घाटात भार चढवताना तापते. दोन्हीकडून नुकसान.

पहिली पायरी: कुलंट पाहा, इंजिन थंड असताना

सगळ्यात आधी हेच, आणि यात घाई नको. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी, सुरू करण्याआधी, कुलंटच्या डब्याची पातळी पाहा. खालच्या आणि वरच्या रेषेच्या मध्ये असायला हवी. ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आहे, तिथं तेही थंडपणी उघडून आत काठोकाठ आहे का बघा. तापलेल्या इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कुलंट चेहऱ्यावर उडतं आणि ते भाजणं फार वाईट असतं.

कुलंट कमी असेल तर काटा गारच दाखवू शकतो, हे नवख्याला पटत नाही. तापमानाचा सेन्सर कुलंटमध्ये बुडलेला असायला हवा. पातळी खाली गेली आणि सेन्सर हवेच्या पोकळीत आला, तर तो खोटं सांगतो. इंजिन आत होरपळत असतं आणि काटा शांत असतो. हीटरही गार, कारण तिथवर कुलंट पोहोचतच नाही. लक्षणं थर्मोस्टॅटसारखीच, धोका मात्र उलटा. म्हणून पातळी कमी सापडली तर पुढची कुठलीही पायरी करू नका. आधी भरा, गळती शोधा, मग पुढं.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीपरत्वे बदलतं, त्याला एकच नियम नाही. पण डब्यात तांबूस गढूळ पाणी असेल तर कुणीतरी साधं पाणी भरत आलंय. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. बादलीत जसा पांढरा थर बसतो तसाच तो थर्मोस्टॅटच्या बैठकीवर आणि सेन्सरच्या टोकावर बसतो. झडप मग पूर्ण मिटत नाही, केसभर फट राहते, आणि थंडीत तेवढी फट पुरते.

दुसरी पायरी: चौकशी

गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाला फोन करा. गाडी कधी तापली होती का? वॉल काढलाय का? पंखा डायरेक्ट केलाय का? डायरेक्ट म्हणजे रेडिएटरचा पंखा चावी फिरवल्यावर कायम फिरत राहील असं वायरिंग. नेहमीच्या मिस्त्रीलाही विचारा, पण आरोपाच्या सुरात नको. "दादा, वॉल बसवलाय ना आत?" एवढंच. मला हे सुचलं असतं तर दोन महिने आणि बरंच डिझेल वाचलं असतं.

तिसरी पायरी: गाडी चालवून काटा वाचा

एका सकाळी वही घेऊन बसा, किंवा शेजारी कुणाला बसवा. सुरू केल्याची वेळ आणि मीटरचे किलोमीटर लिहा. एसी बंद, हीटर बंद. नेहमीच्या वेगानं चालवा. पेट्रोल गाडीचा काटा साधारण पाच-सात किलोमीटरांत मध्यावर येऊन थांबायला हवा. डिझेलला जास्त वेळ लागतो, थंडीत दहा किलोमीटरही लागू शकतात. डिझेल इंजिन इंधनातली उष्णता जास्त कामाला लावतं, वाया कमी घालवतं, म्हणून ते हळू तापतं. नुसतं उभं ठेवून डिझेल तापायची वाट पाहत बसलात तर निरोगी इंजिनावरही उगाच संशय येईल. आणि घर ते शाळा दोन किलोमीटर एवढंच चालवत असाल, तर काटा वर न येणं हा दोष नाही, ते अंतरच अपुरं आहे.

आता खरी खूण सांगतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर मोकळ्या रस्त्यावर ७०-८० च्या वेगात काटा खाली येतो, आणि सिग्नलला किंवा गर्दीत थांबलात की वर चढतो. समोरून येणारा गार वारा रेडिएटर गार करतो आणि झडप त्याला अडवू शकत नाही. झडप नीट असती तर वारा कितीही लागो, तिनं वाट चिंचोळी करून तापमान धरून ठेवलं असतं. माझी गाडी ओझर ओलांडून हायवेवर मोकळी सुटली की काटा उतरायचा आणि द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलो की वर यायचा. मी रोज बघत होतो, अर्थ कळत नव्हता.

घाट जवळ असेल तर त्याहून चोख परीक्षा मिळते. पहाटे कसारा घाट गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, इंजिनात इंधन जवळपास जातच नाही, आणि वारा भरपूर. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीचा काटा अशा उतारावर डोळ्यांदेखत कोसळतो. चांगल्या गाडीचा किंचित हलला तर हलला. (ही परीक्षा शेजारच्यानं बघायची. घाट उतरताना चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर.)

अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतोच, फक्त एक निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे इंजिन पूर्ण तापलं असा समज आहे, तो चूक. दिवा त्याच्या बऱ्याच आधी विझतो. आणि ज्यांना काटा आहे त्यांचाही काटा प्रामाणिक असेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा जोडलेला असतो की मधल्या मोठ्या पट्ट्यात तापमान बदललं तरी काटा मध्यावरच बसून राहतो, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. त्यामुळं पुढची पायरी महत्त्वाची.

चौथी पायरी: स्कॅनर

माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त पैसे वसूल करणारं हे साधन आहे. ईएलएम ३२७ नावाचा आगपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात तो लावायचा आणि मोबाइलवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' असं ॲप घ्यायचं. आपल्याकडं गेल्या दशकभरातल्या बहुतेक गाड्यांत हे चालतं.

पहिलं वाचन रात्रभर उभ्या गाडीवर, इंजिन सुरू न करता, नुसती चावी फिरवून. दोन आकडे बघा: कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे दोन्ही जवळपास सारखे हवेत, फार तर दोन-चार अंश इकडंतिकडं. हवा ११ आणि कुलंट १२ दाखवत असेल तर निदान त्या गारठ्यात तरी सेन्सर खरं बोलतोय. हवा ११ आणि कुलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा प्लग निघालाय. निफाडलाही उणे ४० होत नाही. अशा वेळी बऱ्याच गाड्या खबरदारी म्हणून पंखा कायम चालू ठेवतात.

दुसरं वाचन चालवताना. मोबाइल स्टँडवर, आकडे शेजारच्यानं दर दोन मिनिटांनी लिहायचे. चांगल्या गाडीत आकडा सरळ चढत ८०-९० पर्यंत जातो आणि मग दोन-चार अंशांत खालीवर करत तिथंच राहतो. माझ्या गाडीत तो ६२ वर चढून रेंगाळायचा, हायवेवर ५४ पर्यंत उतरायचा. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

कोड वाचा. पी ०१२८ म्हणजे इंजिन थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, असं गाडी स्वतःच सांगतेय. पी ०११५ ते पी ०११९ हे सेन्सर आणि त्याच्या वायरिंगबद्दल. कोड नाही म्हणून दोष नाही असं मात्र धरू नका, सगळ्या गाड्या ही तपासणी तितक्या बारकाईनं करत नाहीत.

काटा गार, पण स्कॅनरवर ८८, तर इंजिन ठणठणीत आहे. जुन्या काही गाड्यांत काट्यासाठी वेगळा आणि कॉम्प्युटरसाठी वेगळा सेन्सर असतो, त्यातला काट्याचा बिघडलाय. थर्मोस्टॅट बदलण्यावर पैसे घालू नका.

पाचवी पायरी: हातानं होज पाइप

स्कॅनर नसेल तरी ही तपासणी कुणालाही जमते. रेडिएटरला वरून एक जाड रबरी पाइप येतो आणि खालून एक जातो. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट कुठल्या पाइपाच्या मुळाशी आहे ते गाडीच्या पुस्तकात किंवा मिस्त्रीकडून समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत तो वरच्या पाइपाच्या इंजिनकडच्या टोकाला, धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या घरात असतो. पुढचं वर्णन अशा गाडीचं आहे.

सैल ओढणी, मफलर, स्वेटरची लोंबती दोरी, सगळं आधी काढून ठेवा. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. गाडी उघड्यावर ठेवा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. आता थंड इंजिन सुरू करा आणि वरच्या पाइपाला रेडिएटरच्या बाजूला दर मिनिटाला बोटाच्या मागच्या बाजूनं हलकासा स्पर्श करा.

निरोगी गाडीत पहिली काही मिनिटं हा पाइप गारच राहतो, इंजिनचा वरचा भाग चांगला तापला तरी. मग झडप उघडते आणि पाइप मिनिटभरात चटका बसेल इतका गरम होतो. हा अचानक झालेला बदल हेच झडप जिवंत असल्याचं लक्षण. अडकलेल्या किंवा गायब थर्मोस्टॅटच्या गाडीत पाइप पहिल्या मिनिटापासून इंजिनबरोबर हळूहळू कोमट होत जातो, गार आणि गरम यांतला तो टप्पा येतच नाही. एकदा चांगल्या गाडीवर आणि एकदा संशयित गाडीवर करून पाहा, फरक हाताला लगेच कळतो. शेजाऱ्याची गाडी यासाठी मागायला हरकत नाही.

याच वेळी पंखाही पाहून घ्या. थंड इंजिन, एसी बंद, आणि पंखा सुरू केल्याबरोबर फिरतोय? मग डायरेक्ट केलाय, रिले चिकटलाय किंवा सेन्सरच्या दोषामुळं गाडीनं तो चालू ठेवलाय. पण पंख्याला एकट्याला दोषी धरू नका. झडप नीट मिटत असेल तर पंखा फक्त रेडिएटरमधलं कुलंट गार करतो, इंजिनमधलं नाही. पंखा डायरेक्ट आणि वॉल गायब, ही जोडी मात्र इंजिनला कायमची हुडहुडी भरवते, आणि गॅरेजमध्ये बहुतेकदा दोन्ही एकदमच केलेलं सापडतं.

सहावी पायरी: बाहेर काढून पाण्यात

इथवर सगळी बोटं थर्मोस्टॅटकडं वळली असतील तर तो काढायचा. हे काम पहिल्यांदा जाणत्या माणसाबरोबर करा. इंजिन पूर्ण थंड हवं. थोडं कुलंट खाली भांड्यात काढावं लागतं. ते विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जातो, म्हणून अंगणात सांडू देऊ नका आणि गटारात ओतू नका. काही नव्या गाड्यांत थर्मोस्टॅटला विजेची वायरही असते आणि त्याचं उघडणं कॉम्प्युटर ठरवतो. तशी असेल तर घरचा प्रयोग सोडून द्या.

घर उघडल्यावर आत झडपच नसेल तर निदान तिथंच संपलं. असेल तर उजेडाकडं धरा. गारपणी तबकडी बैठकीवर पूर्ण टेकलेली हवी. कडेनं उजेड दिसत असेल तर ती मिटत नाही. कोरलेला आकडाही वाचा: पुस्तकात ८८ लिहिलेलं असताना ७६ चा बसवलेला असेल, तर तो दुरुस्त असूनही चुकीचाच.

मिटलेली दिसली तर पाण्याची परीक्षा. स्वयंपाकाचं नाही असं जुनं पातेलं घ्या. थंड थर्मोस्टॅटची तबकडी बोटानं किंचित दाबून फटीत दोरा अडकवा आणि तो दोऱ्यावर पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला लागू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शंभरपर्यंत जाणारा थर्मामीटर पाण्यात धरा. ताप मोजायचा चालणार नाही. मंद आचेवर तापवत, ढवळत राहा. झडप उघडू लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणीचा आकडा कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंशांत हवा. ६५ लाच पडला तर मेण थकलंय किंवा स्प्रिंग. नंतर गार होऊ द्या आणि पूर्ण मिटतो का तेही बघा. नाशिक, पुण्यासारख्या साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण ८२ किंवा ८८ च्या झडपेसाठी तेवढं पुरतं.

बसवताना

नवा घेताना गाडीच्या पार्ट नंबरनं घ्या, आकार जुळतो म्हणून नको. साध्या गाड्यांना तो काही शे रुपयांत येतो. घरासकट एकत्र येणारा महाग पडतो. पॅकिंग किंवा रबरी रिंग नवीनच. जुनी वापरून वाचलेले पन्नास रुपये गळतीत जातात. मेणाची कुपी इंजिनच्या बाजूला यायला हवी, गरम कुलंट तिला लागलं पाहिजे. तबकडीवर हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, तिच्यातून अडकलेली हवा निघते. घराचे बोल्ट लहान आणि बरेचदा ॲल्युमिनिअममध्ये असतात, ताकद लावलीत तर आटे जातात.

कुलंट भरताना बोअरचं पाणी टाळा. तयार मिश्रण घ्या, नाहीतर सांद्र कुलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात. हवा काढणं विसरू नका: गाडीचं तोंड थोडं चढावर, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर पुस्तकाप्रमाणं. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं, कुलंट उसळायला लागण्याआधी झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहा, बहुतेकदा पाव-अर्धा लिटर आणखी लागतं.

तेलाच्या झाकणाखाली साय दिसली होती? नवीन थर्मोस्टॅटवर आठवडाभर रोज किमान अर्धा तास गाडी चालवा. साय नाहीशी झाली आणि कुलंटची पातळी जागेवर राहिली तर ते साठलेलं पाणी होतं. साय परत येत असेल आणि कुलंटही घटत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगचा) संशय धरा आणि गाडी वर्कशॉपला न्या, ती वेगळी गोष्ट आहे. डिझेलवाल्यांनी डिपस्टिकही बघावी. तेलाची पातळी वापरानं कमी होण्याऐवजी वाढलेली असेल तर त्यात डिझेल मिसळलंय, तेल तारखेची वाट न बघता बदलून टाका. मी बदललं, निघालेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं.

रेडिएटरपुढं पुठ्ठा लावायची युक्तीही तुम्हाला कुणीतरी सांगेल. अगदी कडक थंडीच्या मुलखात ट्रकवाले झाकण लावतात, पण ते त्या थंडीसाठी असतं, बिघडलेल्या झडपेसाठी नाही. आपल्याकडं पहाटे ८ आणि दुपारी २८ अंश असतात. पुठ्ठा दुपारी विसरलात तर इंजिन खरोखर तापेल.

नवा बसवल्यावर चौथ्या पायरीचं वाचन त्याच रस्त्यावर, त्याच वेळी पुन्हा घ्या आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. माझ्या गाडीचा आकडा पिंपळगाव येण्याआधी ८३ वर होता आणि हायवेवर ८५-८६ सोडून हलला नाही. हीटर त्या दिवशी मला कमी करावा लागला.